दौऱ्यानंतरचा फोड

माझ्या लिंगावर फोड आला. हे वाक्य मी पाच डॉक्टर, दोन तंत्रज्ञ, एक आस्थापना लिपिक आणि एक मेहुणा एवढ्यांपुढे निरनिराळे कपडे चढवून म्हटलेलं आहे. 'खाली जरा त्रास आहे', 'नाजूक जागी', 'त्या भागात', 'बसायला होत नाही'. आता कपडे उतरवून सांगतो. टोकाच्या जरा खाली, डाव्या अंगाला, शर्टाच्या बटणाएवढा. आधी लाल चट्टा, मग फोड, मग तो फुटून उघडी जखम. आठ-दहा दिवसांत भरून यायची, जाताना काळसर डाग ठेवायची आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा त्याच जागी हजर. खोलीला कुलूप लावून गावाला गेलेला भाडेकरू जसा हक्काने परततो, तशी.

मी वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. दुकानातला तराजू, पेट्रोल पंपावरचं माप, शहराबाहेरचे ट्रक तोलायचे मोठे काटे, सगळे वर्षातून एकदा माझ्यापुढे उभे राहतात. लोकांचा खोटेपणा ग्रॅममध्ये सांगायचा आणि वर शिशाचं सील ठोकायचं, हे माझं काम. मोठ्या काट्यांसाठी तीन दिवसांचा दौरा असतो. काट्याच्या चारही कोपऱ्यांवर वीस-वीस किलोची बिडाची वजनं रचायची. ती उचलायला एक शिपाई मंजूर आहे, फक्त ते पद अकरा वर्षं रिक्त आहे. रिक्त पद वजन उचलत नाही, हे मी वरिष्ठांना लेखी कळवलं. त्यांनी त्याची नोंद घेतली. वजनं मीच उचलतो.

पहिला फोड असाच एका दौऱ्यावरून आल्यावर उगवला. घराजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला पडद्यामागे उभं केलं, चार फुटांवरून, एखाद्याच्या उघड्या खिडकीत नजर जावी तसं ओझरतं पाहिलं आणि हात धुवायला गेले. हात त्यांनी लावलेलाच नव्हता.

"हर्पीस," ते नळाकडे तोंड करून म्हणाले. "दौऱ्यावर असता ना अधूनमधून?"

"असतो."

"मग झालं तर."

काय झालं तर? मी तिकडे काटे तपासतो! पण पँट घोट्यापाशी असताना माणसाला वाद घालता येत नाही. करून बघा. त्यांनी विषाणूवरच्या गोळ्या दिल्या, वर दुखण्यासाठी आणखी एक गोळी दिली, आणि त्या वेळी तो फोड आठ दिवसांऐवजी तीन आठवडे राहिला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले?"

इथे मी पहिली घोडचूक केली. "बुरशी आहे म्हणाले. घामाने होते."

माझी बायको न्यायालयात लघुलेखक आहे. गेली बावीस वर्षं ती साक्षीदारांच्या तोंडून निघेल ते टिपून घेते आणि त्यातले निम्मे साक्षीदार नवरे असतात. कोण कुठे अडखळला, कुणी पाणी मागितलं, हे तिला कागदाकडे बघूनही कळतं. शिवाय ती औषधाच्या खोक्यातला तो घडीघडीचा पातळ कागद पूर्ण वाचते. जगात तो कागद वाचणारी ती एकटी असावी. तिने वाचला, होता तसा घडी करून खोक्यात ठेवला आणि म्हणाली, "बुरशीवरचं औषध नाहीये हे."

"अगं, मला कळवायचं नव्हतं तुला उगाच."

"ते कळलं," ती म्हणाली. बस्स, एवढंच. नंतर भांडी लावताना झाकणांचा आवाज जरा जास्त आला.

मग चाचण्या. तपासणी केंद्रात नाव पुकारत नाहीत, गोपनीयता पाळतात. फक्त चाचणी पुकारतात. "हर्पीसवाले कोण आहेत?" असा प्रश्न भरल्या खोलीत आला तेव्हा बाकावरचे सतरा लोक एकमेकांकडे पाहू लागले. मी पण पाहू लागलो. तिसऱ्यांदा पुकारल्यावर शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "जा हो, तुम्हीच असाल. आमचं सगळ्यांचं साखरेचं आहे."

रक्त निगेटिव्ह. मी तो कागद घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बाटलीखाली, सर्वांना दिसेल असा ठेवला. सर्वांना म्हणजे बायकोला. मुलगी शिकायला बाहेरगावी असते. बायकोने वाचला. चेहरा जरा सैल झाला. आणि पुढच्या दौऱ्याहून आलो तो फोड घेऊनच. पुन्हा चाचणी, या वेळी थेट जखमेवर कापूस फिरवून. तो अनुभव मी लिहीत नाही, वाचणाऱ्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. पुन्हा निगेटिव्ह. आता मला निगेटिव्हचा राग येऊ लागला. आजार असेल तर नाव सांग, नसेल तर चालता हो. नाव न सांगता घरात येणाऱ्याला आपण पोलिसांत देतो.

दुसरे डॉक्टर गुप्तरोगतज्ज्ञ. त्यांच्या पाटीवर 'गुप्त' हा शब्द रस्त्यापलीकडूनही वाचता येईल एवढा मोठा. ते म्हणाले, "चाचणी चुकू शकते. पुन्हा करू. आणि मिसेसना घेऊन या. कधीकधी तिकडून आलेलं असतं."

तिकडून. ते माझ्या डोक्यात काट्यावर पडलेल्या खड्यासारखं बसलं. मी कुठे गेलेलो नाही, हे मला पक्कं ठाऊक. मग आलं कुठून? लाज वाटते लिहायला, पण लिहितो, कारण या गोष्टीतलं मला न शोभणारं सगळं मी गाळलं तर उरेल फक्त फोड. मी विचार केला. तिचे सहकारी आठवले. एक वकील तिला अधूनमधून गाडीने सोडतो, तो आठवला. गुडघे बदललेला, साठ ओलांडलेला माणूस, पण मी त्यालाही सोडलं नाही.

आणि तिला सरळ विचारायच्या ऐवजी मी, एक राजपत्रित अधिकारी, तिला म्हणालो, "ऑफिसतर्फे चाळिशीनंतरच्यांसाठी पूर्ण तपासणी आहे, जोडीदारासह. येतेस?"

ती आनंदाने आली हो! उपाशीपोटी आली, रजा टाकून आली. ती बाही वर करत होती तेव्हा मी तंत्रज्ञाच्या हातात चिठ्ठी सरकवली. अर्जावर फोन नंबर मात्र तिचाच राहिला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, न्यायालयाच्या व्हरांड्यात, डबा मांडीवर असताना तिला तिचा अहवाल आला. हर्पीस एक, निगेटिव्ह. हर्पीस दोन, निगेटिव्ह.

संध्याकाळी तिने पर्स खाली ठेवली नाही. तशीच उभी राहून फोन माझ्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

"पूर्ण तपासणीत येतं सगळंच."

"पूर्ण तपासणीत साखर येते, चरबी येते. हे येत नाही. हे कुणीतरी मुद्दाम सांगावं लागतं."

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर म्हणाले तर मला सांगायचं. आले असते मी. तुमच्या शेजारी बाकावर बसले असते." मग फोन खाली घेत, "तुम्हाला वाटलं माझ्याकडून आलं."

"तसं नाही गं."

"किती दिवस वाटत होतं?"

इथे कुठलाही शहाणा नवरा 'एक क्षणही नाही' म्हणाला असता. पण मोजून सांगायची सवय हाडात मुरलेली. मी म्हणालो, "चार दिवस."

त्या दिवसापासून ती मुलीच्या खोलीत झोपू लागली. वर आठवड्याभरात एक कागद घरी घेऊन आली. दुसऱ्या शहरातल्या न्यायालयात विनंतीने बदली हवी असेल तर महिनाअखेर अर्ज द्यायचा होता. दरवर्षी असा कागद निघतो, दरवर्षी ती त्याच्या मागे सामानाची यादी लिहिते. या वर्षी तिने तो कोरा, सरळ, पुस्तकाखाली दाबून ठेवला.

"तुमचं काय खरं आहे ते महिनाअखेरपर्यंत ठरवा," ती म्हणाली. "मी बावीस वर्षं ऐकतेय. मला आता घरी जबाब नको आहेत. पुरावा असेल तर दाखवा."

तेवीस दिवस होते.

इकडे मी पाय फाकवून चालत होतो आणि ते अख्ख्या इमारतीने पाहिलं होतं. इमारतीचे सचिव जिन्यात गाठून, आवाज खाली आणून म्हणाले, "मूळव्याध ना? लाजू नका. मी नऊ वर्षं काढली आहेत." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. विचार केला, मूळव्याध काय वाईट आहे? अत्यंत सभ्य आजार. मोठमोठ्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना होतो. कुणी विचारत नाही की दौऱ्यावर कुठे जाता. मी मान डोलावली. संध्याकाळी त्यांनी बसायला रबरी रिंग पाठवली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर मिठाच्या गरम पाण्याच्या टबात कसं बसावं हे प्रात्यक्षिकासह, म्हणजे माझ्या सोफ्यावर अधांतरी बसून, दाखवून गेले. खालच्या काकू म्हणाल्या, "तिखट बंद करा, आणि हसत राहा." इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'निरीक्षक साहेबांना लवकर आराम पडो' असा संदेश आला, त्याखाली एकोणीस जोडलेले हात. जो आजार मला नाही त्याला शहरभर सहानुभूती, आणि जो आहे त्याचं नाव नाही.

तिसऱ्या डॉक्टरांनी उरलेले सगळे गुप्तरोग तपासले. सगळे निगेटिव्ह. चौथे म्हणाले, "ताण आहे. वैवाहिक जीवनात काही ताण?"

"तुम्हा लोकांकडे यायला लागेपर्यंत नव्हता," मी म्हणालो. ते रागावले. रागवा. या चौघांनीही आपापल्या कागदावर मला एकच ठरलेला प्रश्न विचारला होता, 'सध्या काही औषधं चालू?' आणि चौघांनाही मी एकच उत्तर दिलं होतं, 'नाही.' औषधं म्हाताऱ्यांना असतात.

मग मेहुणा आला. बायकोचा थोरला भाऊ विमा कंपनीचा सर्वेक्षक आहे, ठोकलेल्या गाड्या पाहून कोण खोटं बोलतोय ते ठरवतो. बहिणीने त्याला काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, देव जाणे. तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि माझीच दौऱ्याची डायरी उघडली.

"भाऊजी, पाच दौरे. बरोबर?"

"बरोबर."

"पाच फोड. एकही घरी बसून आलेला नाही."

"नाही."

"तुमच्या जागी दुसरा कुणी असता आणि मी हे असं तुम्हाला दाखवलं असतं, तर काय म्हणाला असतात?"

काटा जप्त केला असता, दुसरं काय!

"मी एक सांगू?" तो डायरी मिटत म्हणाला. "गाडी दर वेळी त्याच वळणावर ठोकत असेल, तर माणूस वळणावर खापर फोडतो. मी आधी चालवणाऱ्याचा श्वास हुंगतो."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने भावाला गप्प बस म्हटलं नाही. त्याचं बोलणं मला लागलं नाही एवढं ते लागलं.

आता हा फोड भरेपर्यंत मी घरी पडून राहायचं ठरवलं आणि वैद्यकीय रजेचा अर्ज दिला. 'आजाराचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं, 'त्वचाविकार'. अर्ज परत. आस्थापना लिपिकाने लाल शाईत शेरा मारला होता: 'त्वचा संपूर्ण शरीरावर असते. अवयवाचा उल्लेख करावा.' मी लिहिलं, 'कमरेखालील'. अर्ज परत: 'कमरेखाली अनेक अवयव आहेत.' मी त्याच्या टेबलाशी गेलो आणि दातओठ खात म्हणालो, "तुम्हाला कशाला हवाय अवयव?"

"मला नकोय साहेब," तो शांतपणे म्हणाला. "नियमाला हवाय. सात दिवसांवर रजा म्हणजे उल्लेख लागतो. नाहीतर सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढे जावं लागेल."

मी मंडळ निवडलं. खात्यात सात टेबलांवरून फिरणाऱ्या कागदावर मी तो शब्द लिहिणार नव्हतो, भले नोकरी जावो.

मंडळात तिघे. हाडांचे, छातीचे आणि त्वचेच्या एक बाई. निवृत्तीला आलेल्या, चष्मा डोक्यावर, आणि समोरच्या माणसाचा कंटाळा आलेला आवाज. पहिले दोघे माझा अर्ज पाहून खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी मला आत नेलं, हातमोजे चढवले, भिंग घेतलं आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी खरोखर पाहिलं.

"दर वेळी हीच जागा?"

"हीच."

"सुतभरही इकडेतिकडे नाही?"

"नाही."

"डाग राहतो?"

"राहतो."

"काय औषधं घेता?"

"काही नाही."

"औषध नाही विचारत. गिळता काय?"

"म्हणजे... कंबर दुखली की एखादी गोळी. ती काही औषध नव्हे, घरच्या डब्यातली आहे."

बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. "कुठली?"

"पिवळी."

"नाव?"

नाव कुठून सांगू? आमच्या घरात, बहुधा तुमच्याही, गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून ठेवतात. दोन डब्यात, दोन पर्समध्ये, दोन प्रवासाच्या बॅगेत. नाव ज्या तुकड्यावर असतं तो तुकडा पहिला संपतो. उरलेल्या गोळ्या रंगाने ओळखायच्या. पांढरी तापाची, गुलाबी पोटाची, पिवळी कमरेची. तेच बाईंना सांगितलं, वर दौरे आणि वजनंही सांगितली.

"दौऱ्यावर वजनं उचलता, कंबर धरते, पिवळी घेता. घरी आलात की फोड," बाई म्हणाल्या. "एखाद्याला एखादी गोळी अशीच बाधते. घेतली की ठरलेल्या जागी फोड, डाग मागे ठेवून जातो. हे संबंधांतून झालेलं नाही, कुणाकडून आलेलं नाही. गोळी बंद, फोड बंद. फोडाच्या दुखण्यावर कुणी काही दिलं होतं?"

"गोळी. पिवळीच होती. तो फोड तीन आठवडे राहिला."

"म्हणून तीन आठवडे." त्यांनी हातमोजे काढले आणि माझे जुने कागद चाळले. "चौघांनी औषधं विचारली आणि तुम्ही नाही म्हणालात. काटे तपासता ना तुम्ही? काट्यावर आपलाच पाय पडलाय का, ते नाही बघत आधी?"

मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांचा गळाही धरावासा वाटला.

"प्रमाणपत्र द्याल?"

"देते. पण पुन्हा ती गोळी तोंडात घालायची नाही. दर वेळी वाढतं हे, पसरतं. कळलं?"

कळलं. कळूनही मी जे केलं, ते करायला नको होतं. पण बाईंचं प्रमाणपत्र म्हणजे आणखी एक कागद, आणि कागद तर बायको रोजच टाइप करते. तिला पुरावा हवा होता. महिनाअखेरीला चार दिवस होते.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. पंच म्हणून मेहुण्याला बोलावलं होतं. सगळं सांगितलं. डब्यातली पिवळी गोळी दोघांना दाखवली, जिभेवर ठेवली, पाणी प्यायलो, तोंड उघडून दाखवलं. बायकोने वेळ टिपून घेतली.

"आता मी दाराबाहेर पाऊल टाकणार नाही," मी म्हणालो. "काय ते तुमच्यासमोर होईल."

"आणि झाल्यावर बघायचं कुणी?" मेहुण्याने विचारलं.

"पंच म्हणून तू."

तो ताडकन उठला. "भाऊजी, बहिणीवर सोडतो मी सगळं," म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला. ठोकलेल्या गाड्यांत आडवा शिरणारा माणूस!

दुपारी काही नाही. मला धास्ती वाटू लागली की येतच नाही की काय. फोड यावा म्हणून आसुसून बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. दर पंधरा मिनिटांनी न्हाणीघरात जाऊन पाहत होतो. चार वाजता आग सुरू झाली. पाचला लाल चट्टा, डावं अंग, तीच जागा. मी ओरडलो, "आला! आला गं!" खालच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "कोण आलं हो?"

आणि रविवारी सकाळी तो एकटा नव्हता. दुसरा उजव्या अंगाला, तिसरा थेट खालच्या ओठावर. ओठ असा सुजला की शब्द त्याच्यावरून घरंगळत होते. बाईंनी सांगितलं होतंच.

सोमवारी सकाळी बायको माझ्यासमोर येऊन बसली. तिने सगळं नीट पाहिलं होतं, वेळा लिहिल्या होत्या.

"तुमचं खरं होतं," ती म्हणाली. "तुम्ही कुठे गेला नव्हतात."

पाच महिने मी याच वाक्याची वाट पाहत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ओठाच्या ठणक्याने आलं असं म्हणायची सोय होती.

"प्रत्येक दौऱ्याला त्या गोळ्या मीच बॅगेत ठेवत होते," ती म्हणाली. "कंबर धरते म्हणून."

"तुला काय माहीत होतं?" मी जमेल तसं बोललो.

"नव्हतं माहीत. संशय घेतला मी. पण तुमच्या तोंडावर घेतला." तिने पुस्तकाखालून तो कागद काढला. भरलेला होता, सहीसुद्धा झालेली होती.

"अगं, आता कशाला हे? मी निर्दोष ठरलो ना!"

"ठरलात. गोळी घेतलीत, फोड आला, सुटलात. तुमच्या मनात मी चार दिवस जी होते, तिच्यासाठी मी कुठली गोळी घेऊन दाखवू?"

त्या क्षणी गप्प बसायचं होतं. ओठ सुजलेला, निमित्त आयतं होतं. मी म्हणालो, "पण तुझा रिपोर्ट निगेटिव्हच आला ना."

ती उठली. कागद पर्समध्ये ठेवला, चप्पल घातली. दारात क्षणभर वळून म्हणाली, "आला. आणि तो येईपर्यंत तुम्ही थांबला होतात."

ती कामाला गेली. मी टेबलाशी बसून राहिलो. ओठ सुजलेला, खाली आग, आणि पूर्णपणे निर्दोष.